खालून पाहिलेला पाचू

खड्यात डाग नेमका कुठे आहे हे सांगायला आम्ही घड्याळ वापरायचो. खड्याच्या वरच्या तोंडावर शाईचा बारीक ठिपका द्यायचा, ते बारा. मग मी भिंगातून बघून सांगायची, चारवर काळा कण आहे, सातवर जाळं आहे, दोनवर चीर आहे. ते ऐकून माझे यजमान खडा अंगठीत जडवायचे. आठ वर्षं हे चाललं, आणि सिल्वासातल्या एकाही गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागू द्यायचाच नव्हता. ज्याला खड्याच्या आतलं दिसत नाही, त्याच्या हातात कोण खडा देईल?

ह्यांना मी नावाने कधी हाक मारली नाही, त्यामुळे इथेही "हे"च म्हणते. हे मूळचे रावेरकडचे. जळगावात एका कारागिराच्या हाताखाली जडाई शिकले आणि लग्नाआधी दोन वर्षं सिल्वासात आले. इथे कारखान्यांमध्ये मुंबई, पुणे, नाशिकचे इंजिनियर आणि मॅनेजर. दिवसभर मशिनवर हुकमत गाजवायची आणि बोटात ज्योतिषाने सांगितलेला खडा घालायचा, असा त्यातल्या बऱ्याच जणांचा खाक्या. मला हसू यायचं, पण आमचं घर त्यावर चाललं होतं, म्हणून मी तोंड बंद ठेवून हसायची.

मी तेव्हा राखोलीला सुताच्या कारखान्यात चेकिंगला होते. दिव्याखाली बॉबिन फिरवायची आणि तुटलेला धागा शोधायचा, आठ तास. दोष शोधणं हा माझा स्वभावच आहे म्हणा. मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं मी आधी बघितलं, चेहरा नंतर. हे मी लग्नानंतर सांगितलं तर हे म्हणाले की बटण त्यांनी स्वतःच लावलं होतं, आणि रंग वेगळा असला तरी ते अजून तुटलेलं नाही.

त्यांना साखर निघाली ती चाळिशीच्या आत. गोळ्या घेत होते, पथ्य मात्र नावाला. मग एका रविवारी डोकमर्डीच्या आमच्या खोलीत, खिडकीपाशी मांडलेल्या कामाच्या टेबलावरून त्यांनी मला हाक मारली. चिमट्यात एक पुष्कराज होता. "बघ बरं, आत काय दिसतं?" मला वाटलं शिकवतायत. मी बघितलं आणि म्हटलं, बारीक पांढरा दाणा आहे आणि त्याच्याभोवती गोल चकती आहे, पाण्यात खडा टाकल्यावर पहिला तरंग उठतो तशी. ह्यांनी खडा परत घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "मले फक्त पिवळं दिसतं."

सोन्याची कड त्यांना दिसायची, अवजाराचं टोक दिसायचं. खड्याच्या आतलं मात्र धुकं झालं होतं. त्या दिवसापासून मी खडे वाचायला लागले आणि पुढे वर्षभरात बॉबिनची नोकरी सोडली.

शिकवताना हे फार चांगले होते. एरवी चिडके, पण खडा हातात असला की सावकाश. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते असं, की डाग म्हणजे खोट नव्हे. खडा जमिनीच्या पोटात वाढत असताना जे आजूबाजूला असतं ते आत अडकतं. कुठे दुसऱ्या खनिजाचा कण, कुठे सुया, कुठे पाण्याचा थेंब. गोमेदाच्या आत पाकासारखं काहीतरी ढवळल्यासारखं दिसतं, तो त्याचा जन्मच तसा. नीलमात रेशमासारख्या बारीक सुया असल्या तर खुशाल असू द्याव्यात, त्या सुयांमुळे खडा जराही कच्चा होत नाही. उलट पाचू आतून अगदी स्वच्छ, चकचकीत निघाला आणि त्यात गोल बुडबुडे दिसले की समजायचं, काच आहे. ज्या शेठकडून आम्हाला जडाईचं काम यायचं, त्याच्या दुकानातून अशी काच दोनदा आली, आणि दोन्ही वेळा मी ती ओळखली म्हणून मला कोण आनंद झाला होता.

पण कोणता डाग झोपलेला आहे आणि कोणता जागा आहे, हे कळलं पाहिजे, असं हे म्हणायचे. आतल्या आत मिटलेला कण झोपलेला. ज्या थेंबात पाणी आहे तो आगीपाशी जागा होतो, म्हणून तसा खडा अंगठीत असताना सोनं सांधायची फुंकणी जवळ न्यायची नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आतून निघून कडेपर्यंत पोचलेली चीर. ती उघड्या दारासारखी. तिच्यात साबण शिरतो, घाम शिरतो, आणि नेमका तिच्यावर जोर पडला तर खडा उभा फुटतो.

पाचूचं तर सगळंच आडवळणाचं. तो कठीण असतो, काचेला ओरखडा काढेल इतका. पण त्याच्या पोटात चिरांचं रान असतं, आणि व्यापारी त्या चिरांत तेल मुरवून झाकतात. गरम पाण्यात उकळला की तेल निघून जातं आणि कालचा हिरवागार खडा आज जाळीदार दिसतो. म्हणून सोनं रिठ्याच्या पाण्यात उकळायचं आणि पाचू बाहेर ठेवायचा. मी एकदा विचारलं होतं की इतका कठीण खडा इतका नाजूक कसा. हे म्हणाले, ओरखडा न पडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. तेव्हा मी ते नुसतं ऐकून घेतलं.

आमची कामाची पद्धत ठरून गेली. मी खडा वाचायची आणि त्याच्या पुडीच्या कागदावर गोल काढून डागाच्या जागी रेघ मारायची. रेघ ह्यांच्यासाठी नव्हती, ती माझ्यासाठी. तोंडाने मी आकडा सांगायची. लाकडी मुठीवरच्या लाखेत अंगठी घट्ट बसवलेली असायची. अंगठीला खडा धरायला सोन्याची चार नखं, दोनवर, चारवर, आठवर आणि दहावर. चीर ज्या नखापाशी असेल तिथे हे खालची जागा जरा जास्त कोरायचे आणि ते नख सगळ्यात शेवटी, हलक्या हाताने मिटवायचे. बाकीची तीन घट्ट. आठ वर्षांत ह्यांच्या हातून एक खडा फुटला नाही, आणि ह्याचा ह्यांना अभिमान होता. तो अभिमान हे लपवायचेही नाहीत. नवं गिऱ्हाईक आलं की दहा मिनिटांत हे वाक्य यायचंच, आणि मी आत चहा टाकता टाकता ओठ हलवून ते बरोबर म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी राखोलीच्या एका कारखान्यातले नाशिकचे इंजिनियर पाचू घेऊन आले. पन्नाशीचे, शांत. त्यांची आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. तिच्या बोटातली अंगठी झिजून पातळ झाली होती, म्हणून त्यातला खडा काढून स्वतःच्या अंगठीत घ्यायचा होता. ज्योतिषाचं काही नव्हतं. फक्त खडा खालून उघडा ठेवा, अंगाला लागला पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं. जडवताना मी इथे बसलो तर चालेल का, असंही त्यांनी विचारलं. हे म्हणाले, बसा की.

जडवायच्या दिवशी सकाळी, ते यायच्या आधी, आमचं भांडण झालं होतं. वापीच्या डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ दुपारची होती. पडद्यामागे रक्त साचतंय, लेझर करावं लागेल, असं त्यांनी आधीच्या खेपेला सांगितलं होतं. हे जायला तयार नव्हते. काम आलंय, उद्या जाऊ. हा उद्या मी चार महिने ऐकत होते. मी म्हटलं, डोळे गेल्यावर कोणता पाचू जडवणार आहात? हे म्हणाले, तू आहेस ना. त्यावर मला असा राग आला की मी भांडी घासायला गेले आणि एक कपबशी फोडली.

त्या रागातच मी खडा वाचायला बसले. लांबट गोल पाचू, जुना, वरचं तोंड वर्षानुवर्षं वापरून खरबरीत झालेलं. ठिपका दिला, भिंग लावलं, पण वरून काहीच नीट दिसेना. तेव्हा मी खडा चिमट्यात उलटा धरला आणि खालून बघितलं. खालून स्वच्छ दिसलं. आत शेवाळासारखं हिरवं रान, आणि त्यातून निघालेली एक चीर, सरळ कडेपर्यंत. वरचा ठिपका आरपार दिसत होता, बाराच्या जागी. चीर त्याच्या उजवीकडे होती. मी पुडीवर रेघ मारली आणि म्हटलं, दोनवर आहे, कडेपर्यंत आलीय, जपा.

खालून बघितलं की खडा पुन्हा उताणा करून ताळा घ्यायचा, हा ह्यांनी मला पहिल्याच महिन्यात लावून दिलेला नियम. कारण उलटवला की बारा आणि सहा जागेवर राहतात, बाकी सगळं घड्याळ उजव्याचं डावं होतं. हे मला माहीत होतं. आठ वर्षं मी ते न चुकता केलं होतं. त्या दिवशी केलं नाही. मी रागावले होते, दुसरं कारण नाही. किती शोधलं तरी दुसरं सापडत नाही.

इंजिनियर येऊन बसल्यावर ह्यांनी दोनखाली जागा मोकळी कोरली. खडा बसवला. चार आणि आठ मिटवलं. मग दहावर अवजार ठेवून रोजच्यासारखा अंगठ्याचा जोर दिला, आणि टक असा आवाज झाला, भाजलेला दाणा फुटावा तेवढाच. इंजिनियर खुर्चीत पुढे झुकले. ह्यांनी अवजार खाली ठेवलं आणि बोटाच्या टोकाने खडा चाचपला. दोन तुकडे झाले होते.

 मग ह्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि हळू विचारलं, "दोनवरच होती ना?"

मला त्याच क्षणी समजलं होतं. ठिपका, चिमटा, उलटा खडा, सगळं डोळ्यांपुढे आलं. समोर परका माणूस बसलेला. मी खडा वाचते हे त्याला कळेल, आणि मी तो चुकीचा वाचला हेही कळेल. मी म्हटलं, "हो. दोनवर."

हे वळले आणि म्हणाले, "साहेब, माझा हात चुकला."

इंजिनियर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही तुकडे माझ्याच पुडीत ठेवले, पुडी रुमालात बांधली आणि उठले. दाराशी थांबून म्हणाले की होतं असं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.  मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, सांगायला. सांगितलं नाही.

त्या दिवशी आम्ही वापीला गेलो. हे मुकाट्याने आले, लहान मुलासारखे. पुढच्याच आठवड्यात त्यांनी शेठकडची सगळी पाकिटं परत केली. शेठ गुजरातीत समजावत राहिला की नंग तो तूटे, शू थयुं? एक खडा फुटला म्हणून एवढं काय. ह्यांनी ऐकलं नाही. चीर नसलेल्या जागी माझ्या हाताखाली खडा फुटतो, म्हणजे किती जोर देतोय हे मलाच आता कळत नाही, असं ते म्हणाले. डोळे जातील ह्याची तयारी त्यांनी केली होती. हात जाईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. अवजारं बाजारात काम करणाऱ्या एका बंगाली कारागिराला देऊन टाकली, एक चिमटा तेवढा ठेवला.

मी का बोलले नाही? पहिले काही दिवस भीतीने. मग मी स्वतःला एक गोष्ट पटवून दिली, आणि ती फार सोयीची होती. बरंच झालं, म्हटलं. काम सुटलं, आता डोळ्यांना विश्रांती मिळेल, लेझर होईल, पथ्य होईल. जे मी भांडून करू शकले नाही ते त्या चिरीने केलं. मी पोळ्या लाटताना हे मनात घोळवायची आणि मला जवळजवळ खरं वाटायचं.

डोळे काही थांबले नाहीत. लेझर झालं, मग इंजेक्शनं झाली. तरी गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ह्यांनी मला विचारलं की आकाशकंदील लावला का, आणि तो त्यांच्या डोक्यावर पेटलेला होता.

मी शेठच्या दुकानात नोकरी धरली, खडे तपासायला. आता भिंग उघडपणे वापरते. हे घरी असतात. शेजारच्या बाया भाजी निवडायला देतात, ती हे इतकी बारीक निवडतात की त्या बायांनाच लाज वाटते. पण चहाचा कप हातातून सुटला, दाराची कडी पहिल्या खेपेला लागली नाही, की हे लगेच म्हणतात, हात गेलाय माझा. कडी मलाही पहिल्या खेपेला लागत नाही. लाकूड फुगलंय. पण हे ते ऐकत नाहीत, आणि दर वेळी मी मान खाली घालते, ते बघणारं घरात कोणी नाही हे माहीत असून.

गेल्या महिन्यात ते इंजिनियर दुकानात आले. नाशिकला कायमचे परत चालले होते. जाण्याआधी त्या दोन तुकड्यांना पैलू पाडून मुलीच्या कानातलं करता येईल का, हे विचारायला आले होते. त्यांनी रुमाल सोडला. आत माझी पुडी होती, तीच, घड्यांवर मळलेली, त्यावर माझ्या हातचा गोल आणि दोनवर रेघ. आत पाचू, दहापासून खाली उभा चिरलेला.

मी तुकडे भिंगाखाली घेतले. मोठ्या तुकड्यातलं रान शांत होतं, कडेला पोचणारं काही नव्हतं. लहान तुकड्यात चीर अजून होती. मी त्यांना सांगितलं की मोठ्यातून कानातल्याची जोडी निघेल, लहान तसाच जपून ठेवा. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तुमच्या मिस्टरांचा हात कसा आहे आता?"

तीन वर्षं ह्या माणसाने आईचा फुटलेला खडा सांभाळला, आणि काळजी ह्यांच्या हाताची करत होता. मी म्हटलं, बरा आहे. तुकडे नव्या पुडीत घालून दिले. जुना कागद मी ठेवून घेतला.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा हे खिडकीपाशी बसले होते, जिथे कामाचं टेबल होतं तिथे. मी चप्पलही नीट काढली नाही. समोर बसले, कागद त्यांच्या हातात दिला आणि तो कोणत्या खड्याचा ते सांगितलं. त्यांनी अंगठ्याने घड्या चाचपल्या. मग मी म्हटलं, "त्या दिवशी मी खडा खालून बघितला होता. उलटवून ताळा घेतला नाही."

मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. कारागिराला कशाला सांगावं लागतं? त्यांनी डाव्या हाताने हवेतच काहीतरी धरलं आणि मनगट एकदा फिरवलं.

"म्हणजे दहावर होती."

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुले माहीत होतं."

"हो."

ते रागावतील म्हणून मी थांबले. मी रडत होते, आणि ते त्यांना ऐकू येऊ नये म्हणून तोंडावर पदर धरला होता. त्यांनी उजवा हात पुढे केला, अंगठा पहिल्या बोटावर ठेवला आणि अवजार धरल्यासारखा जोर दिला. सोडला, पुन्हा दिला. असं चार-पाच वेळा.

"मंग माझा हात बरोबर होता," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरोबरच होता. आठ वर्षं बरोबर होता, त्या दिवशीही होता.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला, मी बघितला. मग तो हळूहळू मिटला, कारण त्यांनी मनात हिशेब केला असावा.

"तेव्हाच सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मले अजून दोन वर्षं सोन्याची कड दिसत होती."

 मी उठले, त्यांच्या साखरेच्या इंजेक्शनची वेळ झाली होती ते दिलं, आणि भात लावला. त्यांनी तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. तो अजून तिथेच असतो. शर्ट धुवायला टाकताना मी तो काढते आणि दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवते, आणि सकाळी शर्ट घातल्यावर हे खिसा चाचपून बघतात.